उंचीचा फरक दर वेळी वेगळा येतोय? मशीन बदलायच्या आधी हे तपासा

दोन पॉइंटच्या उंचीतला फरक काढायचा, काम एवढंच. सकाळी मोजला तर २६५ मिलिमीटर आला, दुपारी २७२, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने मोजला तर २५८. मग लगेच चर्चा सुरू होते की मशीन, म्हणजे लेव्हल घ्यायची दुर्बीण, खराब झालंय, लेझर घेऊया, नाहीतर सरळ जीपीएसच घेऊया. नवीन मशीन येतं, पैसे जातात आणि फरक होता तसाच राहतो, कारण चूक मशीनमध्ये नव्हतीच, ती स्टाफच्या, म्हणजे पॉइंटवर उभ्या धरायच्या आकडे लिहिलेल्या पट्टीच्या, बुडाला लागलेल्या चिखलात होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, साधन निवडण्याआधी तुमची चूक कशी वागते ते बघा. ती कुठून येतेय हे तिच्या वागण्यावरूनच कळतं, आणि कोणतं साधन घ्यायचं तेही त्यावरूनच ठरतं.

त्याच्याही आधी एक आकडा कागदावर लिहा, तुमच्या कामाला किती चूक चालते तो. पाइपला २०० ला १ असा उतार द्यायचाय आणि लांबी ४० मीटर आहे तर एकूण फरक २०० मिलिमीटर होतो, तिथे ५ मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी पाणी वाहील. पण ५०० ला १ उतार आणि लांबी २० मीटर असेल तर फरक फक्त ४० मिलिमीटरचा, तिथे तेच ५ मिलिमीटर अंगावर येतात आणि मध्येच पाणी तुंबतं. मी साधारण असा हिशोब धरतो की जेवढी चूक चालते त्याच्या एक तृतीयांश किंवा त्याहून कमी चूक करणारं साधन हवं. हा आकडा न ठरवता "अ‍ॅक्युरेट कोणतं" असं विचारलं तर त्याला उत्तरच नाही.

आता चुकीचं वागणं. तेच दोन पॉइंट चार-पाच वेळा मोजा, दर वेळी मशीन उचलून नव्याने लावा. आकडे कधी जास्त कधी कमी असे विखुरत असतील तर दोष वाचण्यात, स्टाफ धरण्यात, जमिनीत किंवा हवेत आहे. आकडे एकमेकांशी छान जुळतायत पण दुसऱ्या पद्धतीने मोजलं की वेगळंच येतंय, तर दोष मशीनच्या किंवा स्टाफच्या आत आहे. आणि फरक एकदम १०० मिलिमीटर किंवा १ मीटर असा गोल आकड्याचा असेल तर ते सरळ चुकीचं रिडिंग आहे, बाकी काही शोधत बसू नका.

यातला दुसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो दिसतच नाही. माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. साधारण ६३० मीटरची चढाची लाइन होती, एकूण चढ २२ मीटरच्या आसपास. ऑटो लेव्हलने (नजरेची रेषा आपोआप आडवी ठेवणारी दुर्बीण) ९ सेटअपमध्ये, म्हणजे ९ ठिकाणी मशीन लावून, वर गेलो, त्याच रस्त्याने खाली आलो, क्लोजिंग एरर, म्हणजे सुरुवातीच्या पॉइंटला परत आल्यावर उरलेला फरक, फक्त ३ मिलिमीटर. जाऊन-येऊन १.२६ किलोमीटर झाले, आणि चांगल्या कामाला जी मर्यादा धरतात, १२ मिलिमीटर गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, ती इथे साडेतेरा मिलिमीटर येते, म्हणजे काम एकदम पास. दुसऱ्या दिवशी दुसरं मशीन लावून तीच लाइन घेतली आणि चढ ४० मिलिमीटरने कमी आला. दोन्ही वह्या समोर ठेवून बेरजा तपासल्या, बॅक साइटच्या (मागच्या स्टाफवरच्या रिडिंगच्या) बेरजेतून फोर साइटची (पुढच्या स्टाफवरच्या रिडिंगची) बेरीज वजा केली, सगळं बरोबर. मग चूक कुठे?

चूक होती पहिल्या मशीनच्या नजरेच्या रेषेत. बबल मध्यभागी असतानाही रेषा आडवी नव्हती, किंचित वर जात होती. चढावर काय होतं बघा, मागचा स्टाफ खाली असतो त्यामुळे तो लांबवरून दिसतो, माझी बॅक साइट ५० मीटरची पडत होती, आणि पुढचा स्टाफ वर असतो म्हणून रेषा लवकर जमिनीला टेकते, फोर साइट जेमतेम २० मीटर. रेषा दर मीटरला ०.१५ मिलिमीटर वर जात असेल तर बॅक साइट साडेसात मिलिमीटर जास्त वाचली जाते आणि फोर साइट ३ मिलिमीटर जास्त, म्हणजे प्रत्येक सेटअपला चढ साडेचार मिलिमीटरने फुगतो. ९ सेटअप, ४० मिलिमीटर. आणि खाली येताना? तेव्हा बॅक साइट २० ची आणि फोर साइट ५० ची, त्यामुळे उतारसुद्धा तेवढाच फुगतो, आणि क्लोजिंग शून्याजवळ येतं. त्याच रस्त्याने जाऊन-येऊन ही चूक कधीच सापडत नाही. क्लोजिंग चांगलं आलं म्हणून निर्धास्त होणाऱ्या प्रत्येकाने हे मनात पक्कं धरावं असं मला मनापासून वाटतं.

ती सापडते टू पेग टेस्टने. सपाट जागी ६० मीटरवर दोन खुंट्या ठोका, ए आणि बी. मशीन बरोबर मध्ये लावा. माझी रिडिंग होती ए वर १.४८२ आणि बी वर १.२१७, फरक ०.२६५. दोन्हीकडे अंतर ३० मीटर असल्यामुळे मशीनची चूक दोन्हीकडे सारखी, वजाबाकीत ती उडून जाते, म्हणून हा ०.२६५ खरा फरक. आता मशीन ए च्या बाहेरच्या बाजूला, बी पासून लांब, २ मीटरवर नेऊन लावा. ए वर १.३९५ आलं. खऱ्या फरकाप्रमाणे बी वर १.१३० यायला हवं होतं, आलं १.१३९. म्हणजे ६० मीटरच्या फरकाला ९ मिलिमीटर, मीटरला ०.१५. हिशोब जुळला.

ही चूक रेटिकलच्या, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या क्रॉसहेअर रेषांच्या, स्क्रूने काढता येते, पण हात सरावलेला नसेल तर स्क्रूला हात न लावता कॅलिब्रेशनला द्या. आणि तोपर्यंत काम थांबवायची गरज नाही, बॅक साइट आणि फोर साइटचं अंतर सारखं ठेवलं की असलं मशीनसुद्धा बरोबर फरक देतं. पृथ्वीच्या गोलाईची आणि हवेत रेषा वाकण्याची चूकही सारख्या अंतराने बरीचशी उडते. ती दोन्ही मिळून १०० मीटरला पाऊण मिलिमीटरहून कमी, २०० ला २.७ आणि ३०० मीटरला ६ मिलिमीटर असते. तेव्हा लांबच लांब साइट घेऊन सेटअप वाचवू नका. अंतर मोजायला टेप लागत नाही, मधल्या रेषेच्या वर-खाली दिसणाऱ्या दोन छोट्या स्टेडिया रेषांच्या रिडिंगची वजाबाकी गुणिले १०० केलं की मीटर मिळतात. वर १.६३२, खाली १.३३२, म्हणजे ३० मीटर. शिवाय त्या दोघांची सरासरी मधल्या रेषेच्या रिडिंगशी जुळली पाहिजे, इथे १.४८२. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर वाचताना चुकलंय, तिथल्या तिथे परत वाचा. हे तीन आकडे लिहायचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण गोल आकड्याच्या चुका यातच पकडल्या जातात.

मशीन ठीक निघालं तर स्टाफकडे वळा, खरं तर मी आधी स्टाफच बघतो. ओढून लांब करायच्या स्टाफमध्ये प्रत्येक जोडाला एक बटण असतं, ते टक् आवाज करून बाहेर यायला हवं. जोडात माती गेली की बटण अर्धवट बसतं आणि वरचा तुकडा काही मिलिमीटर खाली घसरून राहतो. याची ओळख म्हणजे खालची रिडिंग सगळी बरोबर आणि एका ठरावीक उंचीच्या वरची सगळी रिडिंग एकाच मापाने चुकलेली. स्टाफ आडवा ठेवून पूर्ण उघडा आणि प्रत्येक जोडाच्या खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत स्टीलच्या टेपने १ मीटर मोजून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

स्टाफ तिरका धरला की रिडिंग नेहमी वाढतं, कमी कधीच होत नाही. ४ मीटरवर वाचताना २ अंश तिरका असेल तर जवळजवळ अडीच मिलिमीटर, ३ अंशाला साडेपाच. डोळ्याला २ अंश कळत नाहीत हो, म्हणून स्टाफला छोटा गोल बबल लावा. तो नसेल तर स्टाफ धरणाऱ्याला हळूहळू पुढे-मागे झुलवायला सांगा आणि दुर्बिणीतून दिसलेलं सगळ्यात कमी रिडिंग लिहा.

चेंज पॉइंटला, म्हणजे मशीन पुढे नेताना ज्या पॉइंटवरून लाइन जोडली जाते त्याला, तर मी फार जपतो. मऊ मातीत स्टाफ ठेवला, फोर साइट घेतली, मशीन उचलून पुढे नेईपर्यंत माणूस स्टाफवर भार देऊन उभा, स्टाफ ४ मिलिमीटर आत. ती चूक पुढच्या प्रत्येक पॉइंटला चिकटली. सपाट दगडावर ठेवला तरी स्टाफ वळवताना तो दुसऱ्या कोपऱ्यावर बसतो. गोल डोक्याचा घट्ट रुतलेला दगड, मोठा खिळा ठोकलेली खुंटी किंवा लोखंडी चेंज प्लेट, यातलं काहीतरी हवंच. प्लेट पायाने दाबून बसवायची, मग स्टाफ ठेवायचा, आणि मशीन हलवताना स्टाफ उचलून बाजूला धरला तरी चालतो पण प्लेटला पाय लागता कामा नये.

आकडे विखुरत असतील तर अजून दोन-तीन जागा. पहिली पॅरॅलॅक्स. डोळा आयपीसवर ठेवून किंचित वर-खाली करा, क्रॉसहेअर स्टाफवर सरकताना दिसली तर फोकस चुकलाय. आधी दुर्बीण आकाशाकडे किंवा पांढऱ्या कागदाकडे धरून क्रॉसहेअर काळीभोर होईपर्यंत आयपीस फिरवा, मग स्टाफचा फोकस करा. दोन माणसांच्या रिडिंगमध्ये कायम फरक पडतो त्याचं कारण बऱ्याचदा हेच. दुसरी कॉम्पेन्सेटर, म्हणजे रेषा आपोआप आडवी ठेवणारा मशीनच्या आतला लोंबता भाग, तो चिकटला की ऑटो लेव्हल ऑटो राहत नाही. ट्रायपॉडच्या पायाला बोटाने हलकी टिचकी मारा, चित्र हललं पाहिजे आणि परत त्याच रिडिंगवर येऊन थांबलं पाहिजे. हललंच नाही किंवा वेगळ्याच रिडिंगवर थांबलं तर मशीन दुरुस्तीला. गोल बबलही मशीन १८० अंश फिरवून बघा, तो मध्यावरून पळत असेल तर कॉम्पेन्सेटर त्याच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

तिसरी ऊन. दुपारी तापलेल्या जमिनीवर हवा अशी थरथरते की स्टाफवरचे आकडे उकळत असल्यासारखे दिसतात, तेव्हा ३० मीटरच्या वर साइट घेऊ नका आणि स्टाफवर अर्ध्या मीटरच्या खाली रेषा जाऊ देऊ नका. तापलेल्या डांबरावर ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात, मऊ जमिनीवरही. संशय असेल तर बॅक, फोर, फोर, बॅक या क्रमाने वाचा, म्हणजे खचण्याचा परिणाम बराच कमी होतो.

आता लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेला पारदर्शक पाइप. बरेच लोक याला हलकं समजतात, ते चूक आहे. झाडाआड, भिंतीच्या कोपऱ्यामागे, खोलीतून खोलीत, जिथे समोरासमोर दिसत नाही तिथे याच्यासारखं साधन नाही, आणि २०-३० मीटरपर्यंत २-३ मिलिमीटरचं काम निवांत होतं. पण पाणी खोटं बोलत नाही हे अर्धंच खरं आहे. पाइपमध्ये एक मोठा बुडबुडा अडकला की दोन्ही टोकांची पातळी वेगळी दिसते. म्हणून काम सुरू करताना आणि संपवताना दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरा, पातळी एकाच रेषेत आली नाही तर आत हवा आहे किंवा पाइप कुठेतरी मुरडलाय. भरताना बादलीतून सायफनने भरा, नळाला जोडून भरलं की हवा घुसते. दोन्ही टोकांवरचे अंगठे काढले का तेही बघा, एक टोक बंद राहिलं तर पाणी सरकतच नाही आणि आपण खुशाल खूण करून मोकळे होतो.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, तापमान. गरम पाणी हलकं, त्याचा स्तंभ उंच राहतो. ३० अंशांच्या आसपास पाणी दर अंशाला दहा हजारात साधारण तीन भाग फुगतं, म्हणजे एका बाजूचा १ मीटर उभा पाइप उन्हात राहून १० अंश जास्त तापला तर ३ मिलिमीटरची चूक आली. पाइप सावलीत ठेवा, जमिनीला जमेल तेवढा समांतर पसरा, उभा भाग कमी ठेवा. आतून १० मिलिमीटरच्या आसपास रुंद असलेला पारदर्शक पाइप घ्या, फार बारीक पाइपमध्ये पाणी काचेला चिकटल्यासारखं अडकतं. रिडिंग पाण्याच्या खोलगट भागाच्या तळाशी, दोन्हीकडे सारखंच.

फिरणारं लेझर एकट्या माणसाला आणि मोठ्या सपाट जागेला सोयीचं आहे हे खरं. त्याच्यावर ३० मीटरला १.५ मिलिमीटर असं काहीतरी लिहिलेलं असतं, तीच चूक १०० मीटरला ५ होते, वर रिसीव्हरची (स्टाफवर लावून लेझरचा किरण पकडणाऱ्या यंत्राची) स्वतःची एक-दोन मिलिमीटर. आकडे गडबडले तर आधी रिसीव्हर फाइन मोडवर आहे का बघा, मग क्लॅम्प स्टाफवर सरकलाय का ते, मग आधीच्या कामाचा स्लोप सेटिंगमध्ये राहून गेलाय का ते. मशीन भिंतीपासून ३० मीटरवर लावून भिंतीवर खूण करा, मशीन जागेवर १८० अंश फिरवून परत खूण करा, दोन खुणांमधल्या अंतराचं निम्मं म्हणजे त्या बाजूची चूक. मग ९० अंशावर दुसऱ्या अक्षासाठी तेच. लेझरमध्ये लोक मशीन एका कोपऱ्यात लावून एक पॉइंट १० मीटरवर आणि दुसरा ८० मीटरवर घेतात, आणि चढावरच्या माझ्या लाइनची गोष्ट तिथे परत घडते.

जीपीएसबद्दल सरळ सांगतो, उंचीच्या बारीक फरकासाठी ते घेऊ नका. चांगला आरटीके (बेस स्टेशनवरून दुरुस्ती घेणारा) रिसीव्हरसुद्धा आडव्यात ८ मिलिमीटर म्हणत असेल तर उभ्यात १५ म्हणतो, आणि तेही मोकळ्या आकाशाखाली, फिक्स, म्हणजे जागा पक्की झाल्याची खूण, मिळालेला असताना. झाडाखाली किंवा भिंतीजवळ सिग्नल उड्या मारून येतात आणि फिक्स दिसत असतानाही उंची कित्येक सेंटिमीटर सरकते. दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर पोलची उंची नीट टाकली का ते बघा, पोल १.८०० वर आणि कंट्रोलरमध्ये २.०००, ही चूक मी स्वतः केलेली आहे. मग दोन-तीन तासांनी परत मोजा, तोपर्यंत सॅटेलाइटची मांडणी बदललेली असते, आणि सरासरी घ्या. आणखी एक म्हणजे रिसीव्हर मुळात मोजतो ती इलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची) उंची, पाणी मात्र जिऑइडप्रमाणे (गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या समुद्रपातळीप्रमाणे) वाहतं. दोघांतलं अंतर जगभरात साधारण उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलतं, आणि एका किलोमीटरमध्येही ते काही सेंटिमीटरने बदलू शकतं. लांब कालव्याची लाइन असेल आणि जिऑइड मॉडेल लावलेलं नसेल तर कागदावर उतार आणि जमिनीवर सपाट असं होऊ शकतं. मोठ्या जागेचं कंटूर (सारख्या उंचीच्या रेषांचा नकाशा) काढायला मात्र ते उत्तम आहे.

मोबाइलमधली उंची आणि बॅरोमीटर यांनी फार तर डोंगराची कल्पना येते. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब १ हेक्टोपास्कल बदलला की उंची साडेआठ मीटरच्या आसपास बदललेली दिसते, आणि दाब दिवसभरात तुम्ही जागचे न हलताही एवढा बदलतो. अ‍ॅबनी लेव्हल किंवा हँड लेव्हल (हातात धरून बघायची साधनं) पाहणीला ठीक, १० मिनिटांच्या कोनाची चूक ३० मीटरला ९ सेंटिमीटर होते. अंतर मोजणाऱ्या छोट्या लेझरमधल्या टिल्ट सेन्सरचं तेच, ०.२ अंश म्हणजे ३० मीटरला १० सेंटिमीटर, स्क्रीनवर मिलिमीटर दिसतात म्हणून फसू नका. दोरीला लावायची पाणसळ दोरीच्या बरोबर मध्येच लावायची, कारण दोरीला झोळ असतो.

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं मशीन) असेल तर खडी चढण आणि दरीपलीकडचे पॉइंट त्यावर घ्या, पण दोन्ही फेस वाचा (दुसऱ्यांदा दुर्बीण उलटवून) आणि पॉइंटवर धरायच्या प्रिझमची उंची टेपने स्वतः मोजा. कोनात ५ सेकंदांची अचूकता असलेलं मशीन १०० मीटरला अडीच मिलिमीटरची चूक धरून चालतं, त्यापुढे ती वाढतच जाते.

म्हणजे निवड अशी होते. एका इमारतीत किंवा अंगणात २-३ मिलिमीटर हवे असतील तर लेव्हल पाइप. ३० मीटरच्या पुढे, लाइन लांब असेल, तर ऑटो लेव्हल. पाया आणि फरशीचं काम एकट्याने करायचं असेल तर फिरणारं लेझर. मिलिमीटरच्याही आतलं काम असेल, खचणाऱ्या इमारतीवर लक्ष ठेवायचंय वगैरे, तर डिजिटल लेव्हल आणि इन्वारचा (तापमानाने जवळजवळ न बदलणाऱ्या मिश्रधातूचा) बारकोड स्टाफ, तिथे दुसरं काही चालत नाही. एकच घ्यायचं असेल तर मी डोळे झाकून ऑटो लेव्हल सांगेन. माहितीपत्रकात किलोमीटरला २ मिलिमीटर लिहिलेलं असतं, तो जाऊन-येऊन केलेल्या कामाचा आकडा आहे, सारख्या साइट ठेवून, एका रिडिंगचा नव्हे. मशीन थोडं साधं घ्या, वाचलेले पैसे न घसरणाऱ्या स्टाफवर, त्याच्या बबलवर, जड ट्रायपॉडवर आणि दोन चेंज प्लेटवर घाला. जुनं मशीन घेत असाल तर टिचकी मारून कॉम्पेन्सेटर बघा, मग मोकळ्या जागी ६० मीटरवर दोन खुंट्या ठोकून टू पेग करा, आणि आलेला आकडा मशीनच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी फरक गडबडला की आधी तो आकडा काढायचा आणि परत त्याच दोन खुंट्यांवर मशीन लावायचं.